ओविद गिद्रोच्या अकरा गाई

नॉन्क, म्हणजे काका, ओविद गिद्रो एकेचाळीस वर्षं तांदळाच्या गिरणीत वेल्डर होते. निवृत्त झाले तेव्हा गिरणीने त्यांना मनगटी घड्याळ दिलं. ते त्यांनी कधी घातलं नाही. मनगटावर भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या, त्यांवर पट्टा घासायचा. पण गावात त्यांना वेल्डर म्हणून कुणी ओळखत नसे. ते त्रेतर होते. हात धरून, पुटपुटून दुखणं उतरवणारे.

दक्षिण लुइझियानात, बायूच्या संथ पाण्याकाठी, दर चार-पाच गावांमागे असा एखादा असतो. कुणी चामखीळ घालवतो, कुणी रक्त थांबवतो, कुणाच्या हाताने लेकरांचे दात सुखाने येतात. नॉन्क ओविद यांच्याकडे तीन गोष्टी होत्या. ऊन लागणं, भाजणं आणि नागीण.

नियम सगळ्यांना पाठ होते. त्रेतरने आपणहून विचारायचं नाही, दुखणाऱ्याने मागायचं. मागितल्यावर त्रेतरने नाही म्हणायचं नाही. पैसे द्यायचे नाहीत. आणि मेर्सी, म्हणजे आभारी आहे, असं म्हणायचं नाही. मेर्सी म्हटलं की उपचार तिथेच सुटला, पुन्हा बांधता येत नाही. त्यामुळे लोक खुर्चीवरून उठायचे आणि म्हणायचे, "या वर्षी भेंडी लवकर आली." नॉन्क ओविद म्हणायचे, "लवकर आली, पण निबर आहे." मग माणूस निघून जायचा. दोन-तीन दिवसांनी त्यांच्या पायरीवर कुणीतरी अंडी ठेवून गेलेलं असायचं. कुणी ठेवली ते कुणी विचारत नसे.

डॉक्टरांशी त्यांचं भांडण नव्हतं. "मी डॉक्टरच्या जागी नाही," ते म्हणायचे, "डॉक्टरच्या जोडीला आहे." एकदा पेंडीच्या दुकानाचा मालक भर दुपारी आला. जबडा दुखतोय, डावा हात जड झालाय, ऊन लागलंय, उतरवा म्हणाला. मागितल्यावर नाही म्हणता येईना. नॉन्क ओविद यांनी त्याला आपल्या ट्रकमध्ये बसवलं, एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरलं आणि पुटपुटत वीस मैल हॉस्पिटल गाठलं. तो माणूस अजून जिवंत आहे. ऊनच लागलं होतं, असं अजून सांगतो.

मी हे सगळं पाहत मोठी झाले. मग लाफायेतला गेले, सहा वर्षं साहित्य शिकले, आणि नोकरी न मिळता परत आले. पारँच्या घरी मागच्या खोलीत राहू लागले.

पारँ म्हणजे माझा मामा आल्से. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच मला हातावर घेतलं होतं, म्हणून मामा न म्हणता पारँ. कोळंबीच्या बोटीवर त्याचा जन्म गेला. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी त्याला उजव्या बाजूला, बरगड्यांखाली नागीण झाली. फोड महिन्यात सुकले. दुखणं गेलं नाही. शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, आतली नस भाजली आहे, हे वर्षानुवर्षं राहू शकतं. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तो झोपेत चालल्यासारखा चालायचा. एकदा पायऱ्यांवरून पडला. मग डॉक्टरला विचारून गोळ्या निम्म्या केल्या आणि दर गुरुवारी नॉन्क ओविद यांच्याकडे जाऊ लागला.

ट्रक मी चालवायची, म्हणून मी ते बऱ्याचदा पाहिलं. स्वयंपाकघरातली खुर्ची उलटी करून पारँ तिच्यावर बसायचा आणि शर्ट वर करायचा. शर्टाचं कापड लागलं तरी त्याचा चेहरा वाकडा व्हायचा. नॉन्क ओविद त्याच्या कातडीपासून बोटभर अंतरावर हात धरायचे. लावायचे नाहीत. ओठ हलायचे, शब्द ऐकू यायचे नाहीत. तीन वेळा. हळूहळू पारँचा उजवा खांदा खाली यायचा. तो खांदा खाली आलेला मला दिसायचा.

गुरुवार ते सोमवार बरे जायचे. तो पत्ते खेळायचा, कुशीवर झोपायचा. मंगळवारी परत सुरू व्हायचं. बुधवारी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही.

मार्चमध्ये एका सोमवारी नॉन्क ओविद यांचा फोन आला. "नोएली, एकटी ये."

त्यांना एक्याऐंशी पुरी झाली होती. पाय सुजलेले होते, हृदय थकलं होतं. त्यांनी कॉफी दिली आणि माझ्यासमोर बसले.

"हे पुढे कुणाला तरी द्यावं लागतं," ते म्हणाले. "पुरुषाने बाईला द्यायचं. आपल्यापेक्षा लहान. मला दोन मुलगे, दोघे ह्यूस्टनला, दोघांचं डोकं पाइपलाइनमध्ये. तू पाठांतर करतेस ना? सहा वर्षं तेच केलंस."

"तसंच काहीसं."

"मग ऐक. पण आधी एक सांगायचंय."

त्यांनी कप बाजूला सारला. मग सांगू लागले. ती प्रार्थना त्यांच्या आज्जीच्या बहिणीची, तांत ओदालीची होती. तिने मरणाच्या आधी त्यांना बोलावलं. ते तेवीस वर्षांचे होते. तिने पहिली ओळ सांगितली. दुसऱ्या ओळीला तिचं तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. पाच दिवसांनी ती गेली. गावाने पाहिलं होतं की तिने ओविदला आत बोलावलं, दार लावलं. गावाच्या दृष्टीने दिलं ते दिलं.

"आठ दिवसांत एक बाई पोर घेऊन आली," ते म्हणाले. "पोराच्या हातावर उकळतं तेल सांडलेलं. डॉक्टरांनी पट्टी बांधली होती, पण पोर रडायचं थांबत नव्हतं. तिने मागितलं. आता मी काय सांगू? पहिली ओळ म्हटली. मग थांबलो असतो तर तिला कळलं असतं. ओठ तर हलत राहायला पाहिजेत. मला न अडखळता म्हणता येईल असं एकच पाठ होतं."

"काय?"

"बापाच्या गाई. शाळेआधी धार काढायचो. नंबराने हाका मारायच्या, नाहीतर एकमेकींना मारायच्या त्या. ब्लाँशेत, काय्येत, रूझेत, कोर्न-कासे, एर्नेस्तीन. एर्नेस्तीन पाद्रीबाबांच्या बहिणीचं नाव. चालायची तशीच. बाप चर्चमध्ये ते नाव घ्यायचा नाही." ते हसले नाहीत. "अकरा गाई. तीन वेळा. पोर झोपलं."

मी कप खाली ठेवला.

"पुढच्याने मागितलं तेव्हाही तेच. मग बदलायची भीती वाटली. अठ्ठावन्न वर्षं झाली, नोएली. बायको मेली, तिलाही सांगितलं नाही. कुणाला दिलं नाही ते याचसाठी. द्यायला आहे काय? एक ओळ आणि गोठा."

त्यांचे कान लाल झाले होते. एक्याऐंशी वर्षांचा माणूस माझ्यासमोर वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखा बसला होता.

"आता तू सांग," ते म्हणाले. "शिकलेली आहेस. मी लोकांना फसवलं का?"

मला उत्तर येत होतं. ते मला येतं याचा मला आनंद झाला. मी सांगितलं की यावर खूप अभ्यास झाला आहे. नुसत्या साखरेच्या गोळीनेही दुखणं खरोखर कमी होतं, नाटक नसतं ते. काळजीने कुणी हात धरला, चार मिनिटं लक्ष दिलं, बरं होईल असं वाटलं, की मेंदू दुखण्याचा आवाज कमी करतो. हाड मोडलं तर जुळत नाही, गाठ विरघळत नाही, पण वेदना, झोप, भीती यांना फरक पडतो. काही ठिकाणी तर यात औषध नाही असं सांगून दिलं तरी गुण आला, असंही मी एका लेखात वाचलं होतं. तेही सांगितलं.

ते लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे गाईंनी काम केलं."

"गाईंनी नाही. तुमच्या हाताने. त्यांच्या विश्वासाने."

"गाईंनाही थोडं दे," ते म्हणाले. आता हसले. त्यांचे खांदे खाली आले.

मग त्यांनी ती ओळ आणि अकराही नावं नंबराने माझ्याकडून पाठ करून घेतली. निघताना दारात त्यांनी माझा दंड धरला. "कुणाला सांगू नकोस. माझी लाज वाचावी म्हणून नाही. ज्यांचं उतरतंय त्यांच्यासाठी."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

तो हो नऊ दिवस टिकला.

बुधवार होता. सकाळी एका शाळेचं पत्र आलं होतं, जागा भरली म्हणून. मी भात आणि कोंबडीचा रस्सा केला होता. पारँ उघड्या अंगाने टेबलाशी बसला होता, उजवा हात वर, पंखा बाजूवर सोडलेला. मी पत्र घडी करून ठेवलं ते त्याने पाहिलं.

"नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"म्हणणारच. कवितांचं कुणाला काय करायचंय?" त्याने रस्सा चाखला. "मीठ विसरलीस. हेही शिकवत नाहीत वाटतं तिथं."

"समोर आहे मीठ."

"सहा वर्षं. तुझ्या आईने घराचं छप्पर केलं नाही त्या सहा वर्षांत. एक सांग, तुझ्या कुठल्या कवितेनं कुणाचा साधा दात दुखायचा थांबला?"

"पारँ, जेव."

"ओविद बघ. चौथी नापास. एक प्रार्थना येते बिचाऱ्याला. एक. पण तुझ्या सगळ्या कपाटावर भारी आहे. उद्या मला उतरेल ते तिने उतरेल, तुझ्या पुस्तकांनी नाही."

"प्रार्थना नाही ती," मी म्हटलं.

तिथे थांबता आलं असतं. मी पुष्कळदा त्या जागी परत जाते.

"मग काय आहे?"

"गाईंची नावं आहेत."

त्याने काटा खाली ठेवला. "कुणाच्या गाई?"

"त्यांच्या वडिलांच्या. धार काढायच्या नंबराने. खरी प्रार्थना त्यांना मिळालीच नाही."

"तेओजेनच्या गाई?" पारँ चौऱ्याहत्तर वर्षांचा. तो त्याच रस्त्यावर वाढला होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "कोर्न-कासेसुद्धा?"

"हो."

"ती लाथाडी?"

तो हसायला लागला. खूप हसला. हसण्याने बाजू दुखली तेव्हा टेबलाची कड धरून हसला. मला हलकं वाटलं. मी त्याला लेखातलंही सांगितलं, की माहीत असलं तरी गुण येतो, कितीतरी लोकांना आला. खुर्ची पुढे ओढून, हात हलवून, नीट समजावून सांगितलं.

हसता हसता तो थांबला. "हो का," म्हणाला. मग उठला आणि आपली ताटली स्वतः धुतली. ती त्याने कधीच धुतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. तो वेळेवर ट्रकमध्ये बसला. मला वाटलं, जातोय म्हणजे सगळं ठीक आहे.

नॉन्क ओविद यांनी खुर्ची उलटी करून ठेवलीच होती. पारँने शर्ट वर केला. त्यांनी हात धरला, ओठ हलू लागले. मी दाराशी उभी होते. पारँची मान किंचित वळलेली होती. तो त्यांच्या ओठांकडे बघत होता. आधी तो डोळे मिटायचा.

तीन वेळा झालं. खांदा होता तिथेच होता.

पारँने शर्ट खाली केला, उठला, टोपी हातात घेतली. पारँ दांडगट माणूस, पण त्या दिवशी पाहुण्यासारखा उभा राहिला.

"मेर्सी, ओविद," तो म्हणाला. "मेर्सी बोकू."

फ्रिज घुरघुरत होता. नॉन्क ओविद यांचा हात अजून तसाच हवेत होता. त्यांनी पारँकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्याकडे त्यांनी फार वेळ पाहिलं नाही, तेवढ्यात त्यांना कळलं. मी चौकटीच्या रंगाकडे बघू लागले. तो पोपडे होऊन सुटला होता.

"भेंडी अजून आली नाही," नॉन्क ओविद म्हणाले. कुणीतरी ते म्हणायला हवं होतं.

ट्रकमध्ये मी विचारलं, "असं का केलंस?"

"दोन वर्षं तो माझ्यासाठी राबला," पारँ म्हणाला. "माणसाला मेर्सी म्हणायला नको? आता म्हणायला काय हरकत आहे? तूच सांगितलंस."

त्याची थट्टा आहे की राग, मला कळेना. दोन्ही नसावं. त्याला सभ्यपणे दार लावायचं होतं.

सोमवारपर्यंतचे बरे दिवस पुन्हा आले नाहीत. सगळे दिवस बुधवार झाले. एप्रिलमध्ये डॉक्टरने गोळ्या वाढवल्या, मग बदलल्या, मग पाठीत सुई दिली. सुईने आठवडाभर बरं वाटलं. गोळ्यांनी त्याला पत्ते आठवेनासे झाले, आणि पत्ते विसरणारा म्हणून हसं नको, म्हणून त्याने खेळणं सोडलं. तो खुर्चीत बसून झोपायचा. उजवा हात वर बांधल्यासारखा.

मी त्याला म्हटलं की मी खोटं बोलले होते. चिडून रचलं होतं.

"कोर्न-कासे तू रचलीस?" तो म्हणाला. "तुझ्या जन्माआधी तीस वर्षं मेली ती."

मी नॉन्क ओविद यांच्याकडे गेले. ते पायरीवर बसून वाल सोलत होते. मी समोर उभी राहिले आणि पाठ करून आणलेली माफी सगळी विसरले.

"रागावलात?" एवढंच विचारलं.

"तू खोटं बोलली असतीस तर रागावता आलं असतं," ते म्हणाले. त्यांनी माझ्यासाठी जागा केली, माझ्या ओंजळीत शेंगा घातल्या. आम्ही सोलत बसलो. ते मला काही बोलले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही त्याच्याकडे जा ना," मी म्हटलं. "एकदाच."

"मागितल्याशिवाय जाता येत नाही. आणि त्याने सोडवलंय."

"पण ते नियम तरी खरे आहेत का? प्रार्थनाच नाही, तर नियम कसले?"

त्यांनी एक किडकी शेंग कोंबड्यांकडे टाकली. "प्रार्थना नव्हती," ते म्हणाले. "नियम तेवढे तर होते माझ्याकडे."

बाकीच्यांना मी सांगितलं नव्हतं, पारँनेही नाही. लोक त्यांच्याकडे येत राहिले. पण उन्हाळ्यात मी एकदा मासे पोचवायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "आता नंबर चुकतो. रूझेत आधी येते. कुणी बघतंय असं वाटतं." ऑगस्टपासून ते, तब्येत बरी नाही, असं आतूनच सांगू लागले. मागणाऱ्याला नाही म्हणण्याची ती त्यांची पहिली वेळ.

ऑक्टोबरमध्ये ते गेले. भात कापून झाला होता. चर्चमध्ये जागा पुरली नाही. पेंडीचा दुकानदार शवपेटीला खांदा द्यायला पुढे होता. ज्यांची पोरं, ज्यांचे हात, ज्यांच्या नागिणी त्यांनी उतरवल्या होत्या, ते सगळे आले होते. नंतर हॉलमध्ये भात आणि बूदँचे सॉसेज वाढत असताना एका बाईने त्यांच्या मुलाला विचारलं, "कुणाला दिलं त्यांनी?"

"काय दिलं?" ह्यूस्टनचा मुलगा म्हणाला.

"प्रार्थना रे."

"मला माहीत नाही, मॅम."

ती बाई सगळीकडे बघत होती. तिच्या कडेवर बारकं पोर होतं, एका हातावर भाजल्याची पट्टी. मी वाढपाच्या टेबलामागे होते. मी खाली वाकून कागदी ताटल्यांचं नवं पुडकं फोडू लागले. ते फोडायची गरज नव्हती. टेबलावर शंभर ताटल्या होत्या. ती जाईपर्यंत मी वाकलेलीच राहिले.

पारँने ते पाहिलं. घरी आल्यावर त्याने कोट काढला, टाय सोडला आणि स्वयंपाकघरातली खुर्ची उलटी केली.

"तुला दिलंय त्याने."

मी होकाराची मान हलवली.

"मग कर. मी मागतोय."

"पारँ, तुला माहीत आहे ते काय आहे."

"मागितल्यावर नाही म्हणायचं नसतं," तो म्हणाला आणि शर्ट वर केला.

ती जागा मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. कातडीवर फिकट चट्टे होते, पाण्याचे डाग सुकावेत तसे. मी बोटभर अंतरावर हात धरला. तांत ओदालीची ओळ म्हटली. मग ब्लाँशेत, काय्येत, रूझेत. मी ओठांतच म्हणत होते, पण तो वळून बघत होता.

"हळू," तो म्हणाला. "एर्नेस्तीनला घाई चालत नसे."

मी तीन वेळा म्हटलं. खांद्याकडे बघत म्हटलं. खांदा वरच होता.

"उतरलं?" मी विचारलं.

"नाही."

मी हात काढून घेतला. मला रडू आलं. त्याच्यासमोर रडायचा मला काही हक्क नव्हता, पण आलं. तो शर्ट तसाच धरून बसून राहिला, बाजूला कापड लागू नये म्हणून दोन बोटांत.

"तुला जरा बरं वाटलं का?" त्याने विचारलं.

वाटलं होतं. हात धरून उभी होते तेवढी चार मिनिटं वाटलं होतं, आणि ते त्याला दिसलं होतं.

"मग करत जा," पारँ म्हणाला. "गुरुवारी. मला कुठे जायचंय?"

तेव्हापासून दर गुरुवारी तो खुर्ची उलटी करून बसतो. वेदना सहन करत शर्ट वर करतो आणि थांबतो. माझं होईपर्यंत.